मावशीचे अंथरूण

दिवाळीला आमच्या घरी येणारे पाहुणे पिशव्या घेऊन येतात. गेल्या वर्षी एक पाहुणी मात्र पोत्यातून आली.

त्याचे असे झाले. दिवाळीत अंगणात किल्ला करण्याची हौस आमच्या यवतमाळकडे पुण्या-साताऱ्याइतकी नाही. पण आमच्या सौ.चे माहेर पडले साताऱ्याचे. त्यामुळे मुले कळती झाल्यापासून दर वर्षी आमच्या अंगणात प्रतापगड उभा राहतो, आणि तो वऱ्हाडच्या काळ्या मातीचा असल्याने भाऊबीज उलटायच्या आत तडकून त्याचे चार गड होतात. माती आणण्याचे काम माझ्याकडे. मी मराठी शिकवतो. तेव्हा याहून उपयोगी असे काही मला जमेल यावर घरात कोणाचा विश्वास नाही. दारव्हा रस्त्यावरच्या एका गावात माझा एक जुना विद्यार्थी वडिलांबरोबर शेती करतो. त्याला फोन केला आणि वसुबारसेच्या आधी दहा-बारा दिवस त्याने मोटारसायकलवर टाकून दोन पोती माती घरपोच केली.

मुलांनी पहिले पोते अंगणात उपडे केले तेव्हा मी आत उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. "बाबा, साप! लाल शेपटीचा साप!" अशी आरोळी आली. मी चष्मा सावरीत बाहेर येईपर्यंत माझ्या आईने, म्हणजे मुलांच्या आजीने, हातातला फडा नेमका टाकला होता. ओसरीच्या पायरीवर बोटाच्या दोन पेरांएवढी लालभडक शेपटी एकटीच वळवळत होती, आणि तिची मालकीण ढेकळाआड दडली होती. धाकटीने तिला बादलीत घेतले आणि रडायला सुरुवात केली. थोरल्याने शेपटी हातात घेतली आणि निरीक्षणाला सुरुवात केली. आमच्या घरात ही वाटणी नेहमीचीच.

"सापाची मावशी आहे ती," आई म्हणाली. "चावली तर पाणी मागू देत नाही. टाका बाहेर नेऊन."

मावशी हे नाव तिला तेथल्या तेथे चिकटले ते अखेरपर्यंत.

आमच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राचे एक प्राध्यापक आहेत. मी त्यांना छायाचित्र पाठवले आणि पाच मिनिटांत त्यांचा फोन आला. ही ठिपकेदार सापसुरळी, शास्त्रीय नाव रियोपा पंक्टेटा, आणि पिल्लू आहे. पिल्लपणी या जातीची शेपटी लाल असते, मोठेपणी तो रंग जातो. विषारी मुळीच नाही. जगात सापसुरळ्यांच्या दीड हजारांहून अधिक जाती आहेत, त्यांतली एकही विषारी नाही. साप डोळे मिटत नाही. ही बघा, पापणी मिचकावते. शेपटी तिने आपण होऊन टाकली, शत्रूने त्या वळवळीकडे पाहत बसावे आणि आपण निसटावे म्हणून. नवी येईल, पण तिच्यात मणके नसतील, नुसती कूर्चेची दांडी असेल, आणि रंगही पहिला येईलच असे नाही.

"मग सोडून देऊ का आत्ताच?" मी विचारले.

तोवर जखमेला मुंग्या लागल्या होत्या. ते ऐकून ते म्हणाले, "आठ-दहा दिवस ठेवा. जखम कोरडी झाली, खायला लागली, की जिथली तिथे सोडा. पण पाळायची नाही हं. रानचा जीव आहे, आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मराठीच्या प्राध्यापकांनाही लागू आहे." मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "ठेवणार कशात? आणि खाली काय घालणार?"

कशात, याचे उत्तर सोपे होते. माळ्यावर मासे मेल्यापासून रिकामी पडलेली काचेची पेटी होती. खाली काय घालणार, या प्रश्नाने मात्र पुढे आमची दिवाळीच्या आधीची सगळी तयारी अडवून धरली.

पहिल्या चार दिवसांचे उत्तर त्यांनीच दिले: कागद. उघडी जखम असलेल्या प्राण्याला माती, भुसा, वाळू काही नको; कण जखमेला चिकटतात आणि ती चिघळते. साधा स्वच्छ कागद घालावा, रोज बदलावा, म्हणजे विष्ठाही दिसते आणि रक्त आले तर तेही दिसते. आमच्याकडे कागदाला तोटा नाही. धाकटीने आधी गेल्या वर्षीचा एक दिवाळी अंक आणला; पण गुळगुळीत पानांवर मावशीचे पाय सरकू लागले आणि पाणी सांडले तर ते कागदात न मुरता तसेच राहू लागले. संपादकांनी क्षमा करावी, या कामी साधे वर्तमानपत्रच बरे.

चौथ्या दिवशी जखमेवर खपली धरली. पण मावशी खाईना. थोरल्याने अंगणातल्या ओंडक्याखालची वाळवी आणून बशीत ठेवली. मावशीने तिच्याकडे पाहिलेही नाही. ती दिवसभर कागदाच्या कडेखाली तोंड घालून धडपडे. प्राध्यापकमजकुरांनी त्याचा उलगडा केला. पाल भिंतीची आणि सरडा झाडाचा, तशी ही मातीची. तिचे पाय पाहा, अंगाच्या मानाने किती लहान आहेत. आणि खवले पाहा, काचेसारखे गुळगुळीत. मातीत पोहत जावे म्हणूनच ही रचना. डोके झाकायला जागा नसेल तर तिला वाटते आपण उघड्यावर आहोत, आणि उघड्यावरचा प्राणी जेवत नाही. "तिला अंथरूण द्या," ते म्हणाले, "पण असे, की तेच पांघरूणही होईल."

अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण मी पंचवीस वर्षे मुलांना समजावून सांगत आलो आहे. पायांना साजेसे अंथरूण कसे निवडावे हे कधी कोणी मला विचारले नव्हते.

घरातून आणि शेजारातून सूचनांचा पाऊस पडला. यवतमाळात राहून पहिली सूचना कापसाची असणार हे उघडच होते. ती आईची. पहिल्या दिवशीचा फडा तिच्या मनाला लागला असावा. कारण मावशीला मऊ गादी मिळावी म्हणून ती स्वतः वात वळायचा कापूस घेऊन आली. पण कापसाचे तंतू बारीक बोटांना वेढे घालतात, आवळतात, आणि रक्त न पोचून ते बोट गळून पडते. शिवाय भक्ष्याबरोबर कापूस पोटात गेला तर आतडे तुंबते. कापूस परत देवघरात गेला.

समोरच्या घरी सुताराचे काम चालू होते. त्यांनी घमेलेभर भुसा पाठवला. मऊ, कोरडा, सोनेरी, फुकट. मला तो फार आवडला. आमचा जिल्हा सागवानाचा, तेव्हा हे तर तिच्या मुलखातलेच अंथरूण, असे मी विद्वत्तापूर्वक म्हणालोही. पण सागाला वाळवी का लागत नाही? त्याच्या लाकडात मुळातच अशी द्रव्ये असतात, की किडा तोंड घालत नाही. सागाच्या भुशाने सुतारांच्याही अंगाला खाज सुटते, पुरळ उठते. परदेशात सापसुरळ्या पाळणारे लोक देवदार आणि चीड यांचा भुसा वर्ज्य मानतात तो याच कारणाने. त्या लाकडांचा जो सुवास आपल्याला सुखावतो, तो बंद पेटीत लहान फुप्फुसांना जाळतो. आणि समोरच्यांचा भुसा नुसता सागाचा तरी कुठे होता! निम्मा प्लायवूडचा होता, म्हणजे त्यात डिंकाची रसायने आली. मी घमेले परत नेऊन दिले तेव्हा सुतार माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होता ती मला अजून आठवते.

नदीची वाळू थोरल्याने सुचवली. वाळूत बीळ टिकत नाही, ओल धरत नाही, आणि भक्ष्यावर झडप घालताना तोंडभर वाळू पोटात जाते ती तिथेच साठून बसते. बाजारात एक पाळीव प्राण्यांचे दुकान आहे. तेथे कॅल्शियमची निळी आणि गुलाबी वाळू विकायला होती. पोटात गेली तरी पचते, हाडे मजबूत होतात, असे दुकानदार सांगत होता. प्राध्यापकांनी ते ऐकून एवढेच म्हटले, की पचते असे सांगून विकलेली हीच वाळू पोटात ओली होऊन गोळा धरते. दुकानदाराने परदेशी स्किंक मागवून देण्याचीही तयारी दाखवली. निळ्या जिभेचा, ऑस्ट्रेलियाकडचा, पिल्ले घालणारा. मी विचारलेही नव्हते. ज्यांना तसली हौस असेल त्यांनी निदान एवढे ध्यानात ठेवावे, की आंतरराष्ट्रीय करारातल्या याद्यांमध्ये असलेल्या परदेशी जिवंत प्राण्यांची नोंद सरकारदरबारी करणे २०२४ च्या नियमांनी बंधनकारक झाले आहे.

रोपवाटिकेतली तयार कुंडीची मातीही आम्ही पाहून आलो. काळीभोर, भुसभुशीत, हातात घ्यावीशी. पण तिच्यात रासायनिक खत असते, पांढरे हलके मणी असतात, आणि पुष्कळदा हुमणी किंवा वाळवी लागू नये म्हणून दाणेदार औषधही टाकलेले असते. वाचकहो, आपल्यापैकी किती जणांच्या गच्चीतल्या कुंड्यांत ती उग्र वासाची दाणेदार पुडी पडलेली आहे, हे आपल्यालाच ठाऊक! त्यांतले फोरेट २०१८ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद झाले. पण माळ्यावरच्या डब्यातली जुनी पुडी आदेश वाचत नाही.

एवढी फेरी झाल्यावर थोरल्याने जे विचारले ते आम्हाला पहिल्याच दिवशी सुचायला हवे होते. "बाबा, ती ज्या मातीतून आली तीच माती का नाही घालायची? दोन पोती पडली आहेत की!"

आम्ही सगळे एकमेकांकडे पाहत राहिलो. काखेत कळसा म्हणतात तो हाच. तिचीच माती, तिचाच वास, फुकट आणि घरपोच! काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते, हा तिचा दोष आम्हाला प्रतापगडावरून माहीत होता. पण तिच्यात थोडी वाळू आणि पालापाचोळा मिसळला की झाले. आईने त्यात भर घातली, की माती आधी लोखंडी कढईत भाजून घ्यावी. फुटाणे भाजायची वाळू तापवतात तशी, म्हणजे किडामुंगी राहणार नाही. सौ.ने जुनी कढई शोधून काढली. मुलांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून ढेकळे फोडायला घेतली. मी, एक पद्धत म्हणून, प्राध्यापकांना फोन लावला.

"उत्तम," ते म्हणाले. "कुठली माती ही? जंगलातली, परसातली, की शेतातली?"

"शेतातली."

"पीक कसले?"

यवतमाळात हा प्रश्न विचारण्यात तसा अर्थ नसतो. "कपाशी," मी म्हणालो.

"मग गॅसवर ठेवू नका," ते म्हणाले. "भाजल्याने किडे मरतात, औषध मरेलच असे नाही, उलट त्याच्या वाफा स्वयंपाकघरात पसरतील. आधी शेतकऱ्याला विचारा, शेतातल्या कोणत्या जागेची माती आहे ती."

मी त्याला फोन केला. माझा हा विद्यार्थी वर्गात शेवटच्या बाकावर बसे आणि प्रश्न विचारला की खिडकीबाहेर पाहून उत्तर देई. फोनवरही तो आधी गप्पच राहिला. मग म्हणाला, "सर, थे धुऱ्यावरची हाय जी. रस्त्याच्या बाजूले गाडी लागते, म्हणून तिथूनच भरली. तिथं ड्रम असते आमचा." आणि जरा वेळाने, "पंप भरतो अन् धुतो बी तिथंच. मले का मालूम, लेकरं त्याच्यात हात घालतीन म्हणून. किल्ल्याले पायजे म्हणाले तुमी."

धुरा म्हणजे शेताचा बांध. फवारणीच्या दिवसांत औषधाचे मिश्रण तेथे होते, सांडते ते तेथे, आणि पंप खळखळून धुतला जातो तोही तेथे. शेतभर पातळ पसरलेले ते विष त्या चार हातांत दाट होऊन बसलेले.

मी मागे वळून पाहिले. मुले अंगणात होती. दोघांचेही हात कोपरापर्यंत काळे होते आणि धाकटी डाव्या हाताने नाक पुसत होती.

पुढची पंधरा मिनिटे साबण, पाणी आणि आरडाओरडा यांत गेली. मुलांना काही झाले नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण पोत्याचे तोंड बांधताना माझ्या डोळ्यांपुढे जे आले ते २०१७ सालचे होते. ते साल बाहेरच्या वाचकांच्या आता स्मरणात नसेल. आमच्या जिल्ह्याच्या आहे. त्या पावसाळ्यात कपाशी माणसाच्या डोक्याबरोबर वाढली होती. फवारा वर धरावा लागे आणि तो तोंडावर, छातीवर उतरे. किडे आटोपेनात म्हणून दोन-दोन, तीन-तीन औषधे एकत्र केली जात. मुखवटा नाही, हातमोजे नाहीत, अंगात भिजलेला सदरा. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर त्या हंगामात दगावले. शेकडो जणांवर वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि इतरत्र उपचार झाले. कित्येकांना दिवसचे दिवस दिसत नव्हते. सरकारने चौकशीसाठी विशेष पथक नेमले आणि काही औषधांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली. ऑक्टोबरात मी वर्गात हजेरी घेत असे तेव्हा "तो दवाखान्यात आहे, सर, काकाजवळ" असे उत्तर एका बाकावरून येई, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाकावरून येई. हाच विद्यार्थी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होता. काका त्याचेच होते. ते वाचले.

या औषधांपैकी पुष्कळांची करणी एकच असते. मज्जातंतूंतून निरोप गेला की तो पुसून टाकणारे एक द्रव्य शरीरात असते. औषध ते द्रव्यच निकामी करते. मग निरोप थांबतच नाहीत, स्नायू आखडतात, लाळ गळते, श्वास अडतो. ही यंत्रणा बोंडअळीत आहे, सापसुरळीत आहे, आणि माझ्या विद्यार्थ्याच्या काकांतही आहे. औषधाला त्यांच्यातला फरक कळत नाही.

प्राध्यापकांना मी रात्री पुन्हा फोन केला आणि एक शंका विचारली. मावशी त्याच मातीतून आली ना? मग त्या मातीत ती जगतच होती की!

"जगत होती, कारण तिला सरकता येत होते," ते म्हणाले. "इथे वास आला, चार हात पलीकडे गेली. काचेच्या पेटीत पलीकडे काही नसते. जे खाली घालाल ते तिचे अंथरूण, पांघरूण, ताट, सगळे. सापसुरळी जमिनीचा वास जिभेने घेते, दिवसातून किती वेळा जीभ लावते मोजा. तुम्ही तिला जे दिले त्यातून तिला उठून जाता येत नाही, म्हणून निवडायची काळजी तुमची."

विद्यार्थी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः पोती परत न्यायला आला. चहा घेताना मी त्याला हे सगळे सांगितले. त्याने कौतुकाने पेटीत डोकावून पाहिले, आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "खरं हाय, सर. हिले सरकता येते. आमी कुठं सरकाव जी?"

मी त्याला आणखी एक कप चहा विचारला.

अखेरीस अंथरूण मिळाले ते असे. रोपवाटिकेत नारळाच्या काथ्याचा भुसा विटेसारखा दाबून विकतात. त्याला ते कोकोपीट म्हणतात. घेताना त्यात खत मिसळलेले नाही ना, हे पिशवीवर वाचून घ्यावे. नुसता काथ्या हवा. वीट बादलीत भिजवली की पाहता पाहता कितीतरी पट फुगते. मुलांना तो खेळ पोत्यातल्या मातीपेक्षा जास्त आवडला. नारळाची सोडणे पुष्कळदा खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतात, म्हणून तो भुसा दोन-तीन पाण्यांनी धुतला, फडक्यात पिळला, उन्हात वाळवला. पिळण्याचे माप प्राध्यापकांनी शिकवले: मूठ दाबली तर गोळा राहावा, पण बोटांतून पाणी टपकू नये. पेटीत चार बोटे जाडीचा थर घातला. एका बाजूला तो ओलसर ठेवला, दुसऱ्या बाजूला कोरडा, म्हणजे हवे ते मावशीने निवडावे; सगळाच ओला राहिला तर बुरशी येते आणि पोटाखालचे खवले सडतात, सगळाच कोरडा राहिला तर तिला कात नीट टाकता येत नाही आणि ती बोटांवर अडकून राहते. वर आमच्या परसातल्या आंब्याची वाळकी पाने पसरली. त्या आंब्यावर कसलीही फवारणी होत नाही. आंबेही विशेष होत नाहीत. खाणे भुशावर न टाकता उथळ झाकणात द्यायचे ठरले, म्हणजे घासाबरोबर काथ्या पोटात जाणार नाही. आणि घरात झुरळांसाठी फवारा मारायचा नाही, असा हुकूम सौ.ने काढला. दिवाळीच्या सफाईच्या दिवसांत हा हुकूम पाळणे किती कठीण, हे गृहिणीच जाणोत.

मावशीला कागदावरून उचलून पानांवर ठेवले. तिने एकदा जीभ बाहेर काढली. दुसऱ्यांदा काढली. मग नाक खाली घातले, आणि पाय अंगाला चिकटवून, पाण्यात मासोळी जावी तशी ती भुशात गेली. पाने किंचित हलली आणि पेटीत कोणी नाही असे झाले. धाकटी पुन्हा रडू लागली. या वेळी का, ते तिलाही सांगता आले नाही. संध्याकाळी झाकणातल्या सात वाळव्यांपैकी दोन उरल्या होत्या.

ही वार्ता साताऱ्याला कळवणे भाग होते. कारण मुलांची खरी मावशी भाऊबीजेला आमच्याकडे येणार होती. धाकटीने फोन घेतला आणि सांगितले, "मावशीची शेपटी तुटली होती, पण आता ती मातीत झोपते आणि वाळवी खाते." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग मावशी म्हणाली, "बाबांना दे फोन."

दहावा दिवस धनतेरसेच्या आसपास आला. तुटल्या जागी मोहरीएवढा काळपट कोंब दिसू लागला होता. जिथली तिथे सोडायची, हे आधीच ठरलेले. पण मोटारीत बसताना धाकटीने पेटी मांडीवर घट्ट धरून विचारले, "त्याच मातीत सोडायची? जी आपण हातांनीसुद्धा धरायची नाही त्या?"

मी म्हणालो, शेतात गेल्यावर पाहू. वाटेत कोणी काही बोलले नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती आणि बाया वेचणी करीत होत्या. ओटीत कापूस भरून त्या पुन्हा वाकत तेव्हा धाकटी काचेतून त्यांच्या हातांकडे पाहत होती.

विद्यार्थी धुऱ्यावर उभा होता. निळा ड्रम तेथेच होता, आणि त्याच्या बुडाशी गवत जळल्यासारखे पिवळे पडले होते. त्याने मुलांना त्या बाजूने येऊ दिले नाही. शेताला वळसा घालून तो आम्हाला विहिरीमागे घेऊन गेला. तेथे एक जुना उंबर आहे. त्याच्याखाली वर्षानुवर्षांचा पाला साठून कुजलेला, वर कोरडा, खाली दमट; बाजूला दगडांची रास. शेताचे हे टोक जेमतेम दोनशे पावलांवर होते. त्याने हाताने पाला बाजूला सारला, खालची माती मुठीत घेतली, दाबली आणि धाकटीपुढे धरली. गोळा राहिला, पाणी टपकले नाही.

"इथं कोनी फवारत नाई," तो म्हणाला. "दुपारची भाकर आमी इथंच खातो."

धाकटीने पेटी आडवी केली. मावशी काठावर आली, थांबली, जीभ बाहेर काढली, आणि दगडांच्या दिशेने न जाता सरळ पाल्यात शिरली. थोरला म्हणाला, "पाच मिनिटे थांबू, परत येते का पाहू." आम्ही दहा मिनिटे थांबलो.

तोवर विद्यार्थ्याच्या आईने विहिरीवरून पाण्याची बादली आणली होती. भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कांदा होता. बसण्याआधी धाकटीने हात धुतले, मग थोरल्याचे धुववले, मग माझ्याकडे आणि विद्यार्थ्याच्या वडिलांकडे पाहत उभी राहिली. ते सकाळपासून शेतात होते. ते हसले, उठले, आणि साबण मागितला. घरात होता, त्यांच्या सुनेने तो आणून दिला.

किल्ला त्या वर्षी उशिरा झाला, पाडव्याला. माती उंबराजवळची होती, दोन पोती. विद्यार्थ्याने ती स्वतः चाळून दिली होती. भाऊबीजेला खरी मावशी आली, तिने किल्ल्याकडे पाहिले, आणि पायरीवर बसण्याआधी पायरी नीट झटकून घेतली.